वाचकांचा हट्ट आणि ऑझचें राज्य

गोष्ट संपली हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, सांगणाऱ्याचा कीं ऐकणाऱ्याचा? आपल्याकडे ह्या वादाचा निकाल फार पूर्वींच ऐकणाऱ्याच्या बाजूनें लागलेला दिसतो. भारताची एवढी प्रचंड कथा ऐकूनही शौनकाचें समाधान झालें नाहीं. कुरुवंश सांगितलात, आतां वृष्णि आणि अंधक यांची हकीकत सांगा, असा त्यानें सौतीपाशीं आग्रह धरला व त्या आग्रहांतून हरिवंश उभा राहिला. त्यास खिल म्हणजे पुरवणी असें नांव असलें, तरी श्रोत्यांनीं ती पुरवणी मूळ ग्रंथाइतकीच आपली मानली. युरोपांत छापखाना आला, लेखकाचें नांव मुखपृष्ठावर चढलें आणि गोष्टीला मालक मिळाला. तेव्हांपासून हा वाद तिकडे अधिक तीव्र झाला. सर्व्हांटिसच्या डॉन किहोटेचा पुढचा भाग १६१४ सालीं एका तोतयानें परस्पर छापून टाकला, तेव्हां संतापलेल्या मूळ लेखकानें पुढल्याच वर्षीं आपला खरा दुसरा भाग काढून नायकाला मृत्युशय्येवर निजविलें. हेतु हा कीं पुन्हा कोणी त्याला घोड्यावर बसवूं नये. कॉनन डॉइलनें १८९३ सालीं शेरलॉक होम्सला धबधब्यांत लोटलें आणि वाचकांच्या कोलाहलामुळें (आणि प्रकाशकांच्या पैशामुळें) दहा वर्षांनीं त्याला जिवंत करून परत आणिलें.

हीं उदाहरणें सर्वांस ठाऊक आहेत. परंतु ह्या दोन्हीं ठिकाणीं वाचक प्रौढ होता. ज्या लेखकाला आपली गोष्ट बंद करावयाची आहे आणि ज्याचे वाचक सात-आठ वर्षांचीं मुलें आहेत, त्याची काय अवस्था होते, ह्याचा इतिहास अमेरिकन ग्रंथकार एल. फ्रँक बॉम याच्या चरित्रांत सांपडतो. त्या इतिहासांतील एक लहानसें पुस्तक, १९१४ सालचा सहा गोष्टींचा संग्रह, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहे. पुस्तक क्षुल्लक आहे. बॉमचे चाहतेसुद्धां त्याचा उल्लेख जातां जातां करतात. तथापि लेखक, वाचक आणि व्यापारी यांची जी ओढाताण मोठ्या ग्रंथांत झांकली जाते, ती अशा किरकोळ पुस्तकांतच उघडी पडते.

बॉमचा जन्म १८५६ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील चिटेनँगो या गांवीं झाला. चाळिशी उलटेपर्यंत त्याच्या हातून कांहींच धड झालें नव्हतें. नाटकांत कामें केलीं, उंची जातीच्या कोंबड्या पाळल्या, डाकोटा प्रांतांत दुकान थाटलें तें बुडालें, वर्तमानपत्र चालविलें तेंही बुडालें, मग कांचसामान व चिनी मातीचीं भांडीं विकीत गांवोगांव हिंडला आणि शेवटीं दुकानाच्या दर्शनी खिडक्या कशा सजवाव्या या विषयावरचें एक मासिक काढलें. अशा मनुष्यानें १९०० सालीं, वयाच्या ४४ व्या वर्षीं, 'दि वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. कॅन्ससच्या माळावरची डॉरथी नांवाची पोर वावटळीबरोबर ऑझ नांवाच्या अद्भुत देशांत जाऊन पडते. पेंढा भरलेलें बुजगावणें, पत्र्याचा लांकूडतोड्या आणि भित्रा सिंह असे तीन सोबती तिला मिळतात. ज्या जादूगारावर सर्वांची भिस्त तो लबाड निघतो. आणि अखेर मुलगी घरीं पोहोंचते. जादूगार फुग्यांत बसून निघून गेला, तिघे सोबती तीन ठिकाणचे अधिपति झाले, डॉरथी चुलतीच्या कुशींत शिरली. गोष्ट चारी बाजूंनीं बंद झाली होती. तिला पुढचा भाग जोडावयाचा लेखकाचा मुळींच विचार नव्हता, हें तिच्या बांधणीवरूनच दिसतें.

१९०४ सालीं दुसरा भाग आला, आणि त्याच्या प्रस्तावनेंत बॉमनें पहिल्यानें वाचकांचें नांव पुढें केलें. एका लहान मुलीला त्यानें म्हणे वचन दिलें होतें कीं, हजार मुलींचीं हजार पत्रें आलीं तर मी पुढची गोष्ट लिहीन. आणि तीं आलीं! हजार हा आंकडा मला आपल्या पुराणांतल्या सहस्रासारखा वाटतो: त्याचा अर्थ पुष्कळ असा घ्यावा, मोजूं नये. शिवाय पत्रांवांचून दुसरेंही एक कारण होतें, आणि तें प्रस्तावनेंत नसलें तरी अर्पणपत्रिकेंत आहे. पहिल्या पुस्तकावर बसविलेलें संगीत नाटक १९०२ सालीं शिकागोस व १९०३ मध्यें न्यूयॉर्कला विलक्षण गाजलें होतें, आणि दुसरें पुस्तक त्या नाटकांत बुजगावणें व लांकूडतोड्या झालेल्या मॉंटगोमेरी आणि स्टोन या दोघां नटांस अर्पण केलेलें आहे. लेखकाच्या डोळ्यांपुढें रंगभूमि होती, हें उघड आहे. त्या पुस्तकावरून रचलेलें नाटक १९०५ सालीं शिकागोस आपटलें, ती गोष्ट वेगळी.

याच सुमारास आणखी एक प्रकार घडला. नव्या पुस्तकाचा गाजावाजा व्हावा म्हणून १९०४ च्या ऑगस्टपासून पुढल्या वर्षाच्या फेब्रुवारीपर्यंत वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांवर ऑझच्या मंडळींच्या लहान लहान सचित्र गोष्टी येत राहिल्या. ऑझचीं पात्रें अमेरिकेंत फिरावयास आलीं आहेत अशी कल्पना. आणि त्यांतील एक विद्वान किडा अमुक प्रसंगीं काय बोलला तें वाचकांनीं ओळखावें व बक्षीस मिळवावें अशी योजना. त्याच वेळीं पहिल्या पुस्तकाचा चित्रकार डेन्स्लो, जो पुस्तकाच्या हक्कांत भागीदार होता आणि आतां बॉमशीं फटकून होता, त्यानेंही त्याच पात्रांची आपली स्वतंत्र मालिका दुसरीकडे चालविली. म्हणजे एकाच बुजगावण्याचे दोन धनी, आणि दोघेही वाचकांस साद घालणारे. वाचकांचा प्रतिसाद ही वस्तु आपोआप उगवत नाहीं, तिची लागवड करतां येते, हें अमेरिकन प्रकाशकांनीं त्या काळींच ओळखलें होतें.

पण लागवडीनें उगवलें तें पीक खोटें असतें असें नव्हे. दुसऱ्या भागांत डॉरथी नव्हती. मुलांना ती हवी होती. १९०७ च्या तिसऱ्या भागांत ती परत आली. मुलांना जादूगार हवा होता. १९०८ च्या चौथ्या भागांत तोही आला, आणि येथें एक मौजेची गोष्ट पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या भागांत बॉमनें या जादूगारावर एक भयंकर आरोप ठेवला होता: त्यानें ऑझची खरी वारस, लहानगी राजकन्या ओझ्मा, हिला एका चेटकिणीच्या स्वाधीन केलें. चौथ्या भागांत हा आरोप नाहींसा झाला! त्या वेळची हकीकत दुसऱ्याच रीतीनें सांगितली गेली, जादूगार निर्दोष ठरला आणि पुढें तर खरी जादू शिकून ओझ्माच्या दरबारचा मानकरी झाला. कोणत्याहि न्यायालयांत इतक्या सहज आरोप मागें घेतला जात नाहीं. मुलांनीं त्या लबाड म्हाताऱ्याला क्षमा केली होती, आणि लेखकाला वाचकांच्या मागून क्षमा करणें भाग पडलें. चौथ्या भागाच्या प्रस्तावनेंत बॉम आपल्या वाचकांस प्रेमळ जुलमी अशा अर्थाचें विशेषण लावतो; मला दुसऱ्याहि गोष्टी पुष्कळ येतात, पण हीं मुलें ऐकावयास तयार नाहींत, अशी त्याची तक्रार आहे. ती हंसत हंसत केली आहे. परंतु तक्रार ती तक्रारच.

१९१० च्या सहाव्या भागांत त्यानें निर्वाणीचा उपाय केला. ऑझवर शत्रूंची चाल होते, ती टळते, आणि पुन्हा असा प्रसंग येऊं नये म्हणून ग्लिंडा नांवाची चांगली चेटकीण तो सारा देश बाहेरच्या जगाला अदृश्य करून टाकते. डॉरथी लेखकाला पत्र धाडून कळविते कीं, यापुढें आमची बातमी तुम्हांला मिळणार नाहीं. येथें बॉमच्या एका जुन्या युक्तीकडे लक्ष दिलें पाहिजे. तो स्वतःस ऑझचा कर्ता म्हणवीत नसे. ऑझचा राजबखरनवीस म्हणवीत असे. देश खरा, राणी खरी, हा बापडा फक्त बखर लिहिणारा. ही भूमिका मुलांना फार आवडे, आणि तिच्याच आधारें त्यानें आतां आपली सुटका करून घेतली: बातमीच येत नाहीं, तर बखर लिहूं कशी? शेरलॉक होम्सला मारावें लागलें. बॉमनें कोणालाहि मारलें नाहीं. सर्वांना सुखांत ठेवून फक्त दार लावून घेतलें. बालवाङ्मयांत इतका सौम्य शेवट माझ्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

याच पुस्तकांत डॉरथीच्या चुलत्याचें शेत गहाणांत बुडूं लागतें आणि म्हणून ती चुलता-चुलतीला कायमचें ऑझमध्यें नेते, असा एक धागा आहे. मुलांच्या पुस्तकांत सावकाराचें काय काम असें एखाद्यास वाटेल. पण लेखकाच्या घरीं त्या वेळीं सावकार दारांत उभे होते. १९०८ सालीं त्यानें स्वतः रंगमंचावर उभें राहून ऑझच्या गोष्टी सांगण्याचा एक प्रचंड खटाटोप केला होता. हातानें रंगविलेलीं चलच्चित्रें, पडद्यावरचीं चित्रें, वाद्यवृंद आणि पांढऱ्या पोषाखांतला बॉम. लोक आले, पण खर्च त्याहून मोठा होता. त्या कर्जांतून तो वर आला नाहीं. १९११ सालीं त्यानें दिवाळखोरीचा अर्ज केला. पहिल्या पुस्तकाचें उत्पन्न धनकोंकडे गेलें. दरम्यान तो कॅलिफोर्नियांत हॉलिवुड येथें जाऊन राहिला होता, आणि तेथें बांधलेल्या घराला त्यानें नांव दिलें, ऑझकॉट! ज्या देशाचें दार आपण नुकतेंच बंद केलें त्याचें नांव घराला देणाऱ्या मनुष्याचें मन सर्वस्वीं मोकळें झालें होतें असें म्हणवत नाहीं.

मोकळा झालेला लेखक काय करतो? १९११ सालीं त्यानें समुद्रतळच्या पऱ्यांची गोष्ट लिहिली, १९१२ मध्यें 'स्काय आयलंड' लिहिली. नवी नायिका ट्रॉट, तिचा सोबती एका पायाचा म्हातारा खलाशी. दुसरें पुस्तक तर माझ्या मतें ऑझच्या कित्येक भागांहून सरस आहे. आकाशांतील बेटावर निळ्या लोकांचें एक राज्य व गुलाबी लोकांचें दुसरें, आणि मधल्या धुक्यांतली हद्द, ही कल्पना त्यानें विलक्षण काटेकोरपणें चालविली आहे. पण मुलांनीं हीं पुस्तकें ऑझइतकीं उचललीं नाहींत. 'स्काय आयलंड'मध्यें ऑझच्या पांचव्या भागांतील दोन पात्रें घुसडलेलीं आहेत, यावरूनच लेखक किती डळमळूं लागला होता तें दिसतें. पुढें १९१५ सालीं ट्रॉट आणि तो खलाशी यांनाच ऑझमध्यें न्यावें लागलें, आणि त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत बॉम म्हणतो कीं मुलांच्या सैन्यानें टपालकचेरीला वेढा घालून हा हुकूम मजवर बजावला. नव्या प्रदेशांतील माणसें जुन्या राज्यांत निर्वासितांसारखीं येऊन राहिलीं, असें मला तें वाचतांना वाटतें.

१९१३ सालीं दार उघडलें. उघडण्याची युक्ति एका मुलानें सुचविली, असें बॉमनें त्या वर्षीच्या 'दि पॅचवर्क गर्ल ऑफ ऑझ' या सातव्या भागाच्या आरंभीं लिहिलें आहे. देश अदृश्य झाला असेल. पण बिनतारी संदेश अदृश्य देशांतूनहि येऊं शकतो! मार्कोनीनें अटलांटिकपलीकडे बिनतारी खूण पोंचविल्याला तेव्हां बारा वर्षेंहि झालीं नव्हतीं. लेखकानें बखरीच्या नियमानें दार लावलें होतें, वाचकानें बखरीच्या नियमानेंच तें उघडलें. बातमी मिळत नाहीं म्हणतां काय? ही घ्या बातमी मिळविण्याची सोय! बॉमनें जर आपण कर्ता आहों, आणि आतां मला लिहावयाचें नाहीं, असें सरळ सांगितलें असतें, तर मुलें त्याला निरुत्तर करूं शकलीं नसतीं. बखरनवीसाची टोपी घातल्यावर मात्र नकार देण्याचा हक्क त्यानें आपल्या हातानें गमावला होता.

आतां तो संग्रह. सातव्या भागाबरोबरच, त्याच १९१३ सालीं, रायली अँड ब्रिटन या प्रकाशकांनीं सहा चिमुकल्या पुस्तिका काढल्या. प्रत्येकींत एक गोष्ट, जॉन आर. नील याचीं रंगीत चित्रें आणि किंमत पंधरा सेंट. पुढल्या वर्षीं त्याच सहा गोष्टी एकत्र बांधून 'लिटल विझर्ड स्टोरीज ऑफ ऑझ' या नांवानें विकल्या गेल्या. उद्देश लपलेला नाहीं. तीन वर्षें ऑझचा नवा भाग निघाला नव्हता. १९१० सालीं आठ वर्षांचा असलेला वाचक आतां अकरा वर्षांचा झाला होता, आणि त्याच्या पाठच्या भावंडांस अद्याप ऑझ ठाऊक नव्हतें. जें मूल मोठें पुस्तक वाचूं शकत नाहीं, त्याच्या हातांत पंधरा सेंटांची पुस्तिका द्यावी आणि त्याला मोठ्या पुस्तकांच्या वाटेस लावावें. वाचकांच्या हट्टानें ऑझ परत आलें असें प्रस्तावना सांगतात. ह्या पुस्तिका सांगतात कीं, हट्ट धरणारे वाचक मोठे होऊन निघून चालले होते आणि नवे हट्टी तयार करावयाचे होते. दोन्हीं खरें आहे. केवळ प्रस्तावनांवर विश्वास ठेवणारा चरित्रकार जितका भोळा, तितकाच केवळ हिशेबाच्या वहीवर विश्वास ठेवणारा कोता.

ह्या सहा गोष्टींत पहिली, भित्रा सिंह व भुकेला वाघ यांची, सर्वांत सुरेख आहे. दोघेही ओझ्माच्या सिंहासनाचे रखवालदार. पण रखवाली कसली, दरबारांत कोणी त्यांना भीतच नाहीं! वाघाला फार दिवसांपासून एखादें गुटगुटीत बाळ खावेंसें वाटतें. फक्त त्याची सदसद्विवेकबुद्धि आड येते. एके दिवशीं दोघे ठरवितात कीं आतां पुरे झाली ही सज्जनपणाची नोकरी, आणि शहरांत शिकारीस निघतात. वाघाला बाळ सांपडतें, सिंहाला त्याची आई. आणि शेवटीं बाळ आईच्या हवालीं करून हे दोन हिंस्र पशु मुकाट्यानें परत सिंहासनाशेजारीं येऊन बसतात. दुसऱ्या गोष्टींत डॉरथीला एक ठेंगू धाकदपटशा दाखवून भांडीं घासावयास लावतो, तो जादूगारच वेष पालटून आलेला असतो. एकटी भटकूं नको हा धडा त्याला शिकवावयाचा असतो. ही गोष्ट मला मुळींच आवडत नाहीं. वावटळींतून एकटी गेलेल्या मुलीला चार भांडीं घासावयास लावून शिकवावयाचें काय उरलें? यांत्रिक मनुष्य टिकटॉक नव्या स्प्रिंगा मागावयास नोम लोकांच्या राजाकडे जातो, राजा रागाच्या भरांत त्याचे तुकडे करतो, कारभारी गुपचूप ते जोडतो, आणि राजाला वाटतें हें त्याचें भूतच आलें. ह्या गोष्टींत खरा विनोद आहे. चौथींत तीन उपद्रवी पिशाचें येतात. त्यांच्या नांवांमागें पिशाचवाचक 'इंप' हा शब्द लावला कीं उद्धट, असभ्य अशा अर्थाचे इंग्रजी शब्द बनतात. ती कोटी भाषांतरांत मरते. भोपळ्याच्या डोक्याच्या जॅकचें डोकें खारी फोडतात. बुजगावणें होडींतून फिरावयास जातें आणि पाण्यांत पडतें.

एवढेंच. कोठें प्रवास नाहीं, नवा प्रदेश नाहीं, ओळखीच्या राज्याची सीमा पुढें सरकत नाहीं. ऑझच्या जुन्या वाचकाला हेंच खटकतें, आणि त्याचें खटकणें सकारण आहे. मोठ्या ग्रंथांचा प्राण वाट हा आहे: अमुक ठिकाणीं पोहोंचावयाचें आहे आणि मध्यें काय भेटेल सांगवत नाहीं. छोट्या गोष्टींत सर्व पात्रें आधींच पोहोंचलेलीं आहेत. आतां तीं दरबारांत बसून एकमेकांची थट्टा करतात. चिकित्सक वाचकाला आणखी एक विसंगति दिसते. सहाव्या भागाच्या शेवटीं नोम राजानें विस्मृतीचें पाणी प्यालें होतें व तो आपला सारा दुष्टपणा विसरला होता. येथें तो पुन्हा पूर्वीसारखाच आगलावा. आठव्या भागांत, १९१४ सालीं, बॉमला याचा खुलासा करण्याची गरज वाटली: राजा आपलें नांव विसरला, म्हणून आतां त्याचें नांव दुसरें आहे, आणि स्वभाव मात्र हळूहळू पूर्ववत् झाला. त्याच भागांत ऑझचा पहिला नकाशा छापला गेला. त्याच भागांत डॉरथीचा कुत्रा टोटो प्रथम बोलूं लागला, कारण ऑझमधलीं सारीं जनावरें बोलतात, मग टोटो कां बोलत नाहीं, ह्या प्रश्नाला इतकीं वर्षें उत्तर मिळालेलें नव्हतें. नकाशा मागणारा आणि विसंगति पकडणारा वाचक बाळ नव्हे. तो त्या देशाचा नागरिक झालेला असतो आणि आपल्या देशाचे कायदे लेखकापेक्षां त्याला अधिक पाठ असतात. अशा नागरिकाला त्या सहा गोष्टी म्हणजे परदेशी पाहुण्यांसाठीं छापलेली माहितीपत्रिका वाटावी, यांत नवल नाहीं.

त्याचा कौल पुढें ग्रंथांच्या गणतींत उमटला. १९०० पासून १९६३ पर्यंत मूळ प्रकाशनपरंपरेंतून ऑझचे चाळीस ग्रंथ निघाले. चौदा बॉमचे, एकोणीस रूथ प्लम्ली थॉम्सनचे, तीन चित्रकार नीलचे, बाकीचे इतरांचे. वाचकांच्या मंडळांत ह्या चाळिसांना प्रमाणग्रंथाची प्रतिष्ठा आहे. सहा गोष्टींचा संग्रह खुद्द बॉमच्या हातचा असून चाळिसांत नाहीं! उलट 'रिंकिटिंक' हें १९१६ चें पुस्तक पाहा. तें फार पूर्वीं ऑझशीं संबंध नसतांना लिहिलेलें; शेवटच्या प्रकरणांत डॉरथीला आणून त्याला ऑझचें लेबल लावलें, आणि तें निमूटपणें प्रमाण ठरलें. आणि थॉम्सनबाईंचें १९२१ सालचें पहिलें पुस्तक तर प्रकाशकांनीं बॉमच्या टिपणांवरून वाढविलेलें म्हणून त्याच्याच नांवावर खपविलें, वास्तविक तें सर्वस्वीं बाईंचें होतें. म्हणजे प्रामाण्य लेखकाच्या सहीवरून ठरलें नाहीं. लांबी, बांधणी, वार्षिक नाताळभेटीचा आकार, यांवरून ठरलें. त्या पुस्तिकांपैकीं कांहीं पुढें १९३० नंतरच्या दशकांत 'जेल-ओ' या खाद्यपदार्थाच्या जाहिरातीसाठीं वांटल्या गेल्या. जाहिरातीसाठीं जन्मल्या, जाहिरातींतच खपल्या, असें कोणी म्हणेल. पण वाघाची ती गोष्ट ज्या मुलानें अशा जाहिरातींतून वाचली असेल, त्याचें कांहीं नुकसान झालें नाहीं.

प्रौढांचा कौल फार उशिरां आला आणि तो दुभंगलेला होता. १९२९ सालीं एडवर्ड वॅगनक्नेख्ट या प्राध्यापकानें ऑझवर पहिला गंभीर निबंध लिहिला व अमेरिकन भूमींतून उगवलेलें कल्पनाराज्य म्हणून त्याचा गौरव केला. १९३४ मध्यें जेम्स थर्बरनें पहिलीं दोन पुस्तकें उत्तम ठरवून पुढच्यांविषयीं नाक मुरडलें. त्यानें एक मार्मिक गोष्टहि सांगितली: आपल्या कथांतून दुःख आणि भीति वगळण्याची प्रतिज्ञा बॉमनें केली होती ती त्याला साधली नाहीं, हेंच आपलें भाग्य. मला हें पटतें, आणि सहा लहान गोष्टींचा फिकेपणा याच वाक्याच्या उजेडांत नीट दिसतो. तेथें ती प्रतिज्ञा जवळजवळ साधली आहे. ग्रंथपालांनीं तर फार काळ ही सारी माला त्याज्य मानली. १९५७ सालीं डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखानें हीं पुस्तकें मुलांस निरुपयोगी असल्याचें उघडपणें सांगितलें. त्याच वर्षीं मिशिगन संस्थानाच्याच विद्यापीठानें बॉमवर एक सन्मानग्रंथ छापला, आणि त्याच वर्षीं तेरा वर्षांच्या एका मुलानें सोळा सभासद जमवून ऑझप्रेमी वाचकांचा संघ काढला. तो संघ व त्याचें नियतकालिक पुढें टिकून राहिलें.

माझ्यासारख्या शिक्षकाला ह्या सर्व प्रकरणांत एक प्रश्न सोडवतां येत नाहीं. मुलांनीं हट्ट धरला नसता तर बॉमनें 'स्काय आयलंड'सारखीं आणखी पांच-सहा पुस्तकें लिहिलीं असतीं काय? कदाचित् लिहिलीं असतीं. पण मुलांच्या हट्टामुळें लिहिलेल्या पुस्तकांतहि अशीं स्थळें आहेत कीं जीं मुलांच्याच प्रश्नांतून निघालीं. पत्र्याचा लांकूडतोड्या पूर्वीं हाडामांसाचा असतांना ज्या मुलीशीं त्याचें लग्न ठरलें होतें, तिचें पुढें काय झालें? हा प्रश्न अनेक पत्रांतून पुन्हा पुन्हा आला, आणि १९१८ सालच्या बाराव्या भागांत त्याचें उत्तर मिळालें. लांकूडतोड्या तिला शोधीत जातो. वाटेंत एका लोहाराच्या कपाटांत त्याला आपलेंच जुनें तुटलेलें डोकें भेटतें, आणि तें डोकें त्याच्याशीं तुसडेपणानें बोलतें. मुलगी सांपडते तेव्हां तिनें दुसऱ्याशींच संसार थाटलेला असतो, आणि तो दुसरा ह्याच्याच व आणखी एकाच्या तुटलेल्या अवयवांचा जोडून केलेला असतो! इतका विचित्र आणि मनाला चटका लावणारा प्रसंग बॉमला कोणीं सुचविला? मुलांनीं प्रसंग सुचविला नाहीं. त्यांनीं नुसतें विचारलें, मग तिचें काय झालें? पहिल्या पुस्तकांत लेखक जिला विसरला होता, तिला मुलें अठरा वर्षें विसरलीं नव्हतीं.

तोपर्यंत बॉम अंथरुणास खिळला होता. १९१८ च्या आरंभीं शस्त्रक्रिया झाली होती आणि हृदय दुबळें झालें होतें. शेवटचीं पुस्तकें त्यानें आजारांतच पुरीं केलीं. ६ मे १९१९ रोजीं तो वारला. त्यानंतर त्याचा तेरावा भाग, 'दि मॅजिक ऑफ ऑझ', बाजारांत आला. त्याच्या प्रस्तावनेंत त्यानें वाचकांची क्षमा मागितली आहे: लांबलेल्या दुखण्यामुळें, ज्या पत्रांत उत्तरासाठीं तिकिटें होतीं तीं वगळतां, बाकीच्या पत्रांना उत्तरें देतां आलीं नाहींत; पण यापुढें प्रत्येक पत्राकडे वेळच्या वेळीं लक्ष देण्याची आपली उमेद आहे. मुलांनीं हें वाचलें तेव्हां उत्तर देणारा उरला नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर जॅक स्नो नांवाच्या बारा वर्षांच्या एका मुलानें प्रकाशकांना पत्र लिहून कळविलें कीं, ऑझच्या राजबखरनवीसाची जागा रिकामी झाली आहे, ती मी चालवावयास तयार आहें. प्रकाशकांनीं त्याला ती दिली नाहीं. १९४६ सालीं दिली.